डायव्हर्टर, बोरिंगचे पाणी आणि अकरा महिने: जळगावच्या घरातील नव्या न्हाणीघराचा अनुभव

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आमच्या नव्या न्हाणीघरातील डायव्हर्टरची (पाणी शॉवरकडे की नळाकडे सोडायचे ते ठरवणाऱ्या झडपेची) मूठ अर्ध्यावर अडकली. पाणी वरच्या शॉवरला जाईना आणि खालच्या नळालाही धड येईना. त्याच दिवशी हा अनुभव लिहिण्याचे ठरवले होते, परंतु ऑक्टोबरपर्यंत थांबलो हे बरे झाले, कारण मधल्या काळात माझे मत बरेच बदलले.

आठ फूट बाय सहा फुटांच्या या न्हाणीघरावर एकूण २ लाख ८० हजार रुपये खर्च झाले. त्यांपैकी ३१,५०० रुपये भिंतीत बसणारा डायव्हर्टर, आठ इंची छताचा शॉवर आणि हँड शॉवर या काळ्या मॅट संचाचे होते. वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी साठवून पाहिले होते. फरशी खरबरीत घेतली आणि उतार पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे (नहाणी ट्रॅपकडे) नीट काढून घेतला. या तिन्ही बाबतींत आजवर काहीही तक्रार नाही, त्यामुळे त्यांवर अधिक लिहीत नाही.

पहिला धडा दाबाचा मिळाला. गच्चीवरील टाकी शॉवरपासून जेमतेम अडीच मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक) दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे पाव बार होता आणि शॉवरच्या खोक्यावर किमान १ बार हवा असे छापलेले होते. दुकानात हे कोणी विचारले नाही आणि मीही ते वाचले नाही. पाणी धारांऐवजी थेंबाथेंबाने पडू लागले, तेव्हा ६,८०० रुपयांचा प्रेशर पंप बसवावा लागला.

दाब आला आणि दुसरी अडचण समोर आली. बादली लावून मोजले, तर शॉवरमधून मिनिटाला सुमारे १३ लिटर पाणी पडत होते. डिसेंबरात पहाटे टाकीतील पाणी १५ अंशांच्या आसपास असते. गीझरमधील १५ लिटर पाणी ६० अंशांवर असले, तरी ते अंगाला सोसेल असे ४० अंशांवर मिसळल्यावर २७ लिटरच होते, म्हणजे दोन मिनिटांत संपते. अंगाला साबण लावलेला असताना गार पाणी येणे खानदेशच्या थंडीत सोसवत नाही. आमच्या भागात नळाला दिवसाआड पाणी येते. दहा मिनिटांच्या एका अंघोळीला १३० लिटर पाणी खर्च करणे मला मनापासून पटत नाही. तेवढ्यात बादलीने तिघांच्या अंघोळी होतात. म्हणून हिवाळाभर आम्ही मिनिटाला ६ लिटर देणारा हँड शॉवरच वापरला आणि तो फार आवडला. केवळ तो घेतला असता, तर पंपही लागला नसता असे मला वाटते.

उन्हाळ्यात उलटा प्रकार झाला. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की गच्चीवरील काळ्या टाकीतील पाणी दुपारी हात लावू देत नाही आणि मूठ थंड बाजूला पूर्ण वळवली तरी गरमच पाणी येते. टाकीला पांढरा रंग देऊन वर हिरव्या जाळीची सावली केली, तेव्हा सायंकाळची अंघोळ सुखाची झाली. त्या जाळीला ९०० रुपये लागले आणि संपूर्ण न्हाणीघरात इतक्या कमी पैशांत इतके सुख दुसऱ्या एकाच गोष्टीने दिले, ती म्हणजे बसायचा ओटा. स्वयंपाकघरातून उरलेल्या ग्रॅनाइटचा दीड फूट उंच ओटा गवंड्याने कोपऱ्यात बांधून दिला आणि शेजारी भिंतीला स्टीलचा दांडा लावला. गुडघेदुखीमुळे आई पूर्वी अंघोळीला घाबरत असे. पहिल्याच दिवशी बाहेर येऊन ती म्हणाली, "आते बरं वाटस." माझ्या लेखी आरामाची सुरुवात तिथे झाली.

आता त्या डायव्हर्टरकडे येतो. तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने मूठ उघडून पांढरा थर दाखवला आणि म्हणाला, "काका, हे क्षारांचं काम आहे, वॉरंटीत बसत नाही." कार्डावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेले होतेही. नव्या कार्ट्रिजचे (मुठीमागच्या, पाणी वळवणाऱ्या आतल्या भागाचे) ४,२०० रुपये आणि भेटीचे ४५० रुपये त्याने सांगितले. बोरिंगच्या पाण्यावर चालणाऱ्या गावांत हा माल विकताना ही अट तोंडी सांगायला हवी, हा माझा राग आजही कायम आहे. त्याहून मोठी चूक मात्र आमच्याकडची निघाली: न्हाणीघराच्या दोन्ही पाइपांवर स्वतंत्र कॉकच नव्हते. त्यामुळे कार्ट्रिज काढण्यासाठी टाकीचा मुख्य कॉक बंद करावा लागला आणि दिवसभर घरात कुठेच पाणी नव्हते.

आमच्या नेहमीच्या प्लंबरने ते कार्ट्रिज लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवले, ४० रुपयांचे रबरी रिंग बदलले आणि मूठ पुन्हा फिरू लागली. (हेच पाणी संगमरवरावर किंवा कडप्प्यावर सांडू देऊ नये, चुन्याच्या जातीचा दगड आम्लाने खाल्ला जातो.) पंधरा दिवसांत मूठ पुन्हा जड झाली, तेव्हा मात्र मी पाणी तपासून घेतले. बोरिंगच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरला ६४० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा आहे. वाघूर धरणातून येणारे नळाचे पाणी १६० भरले. गरम बाजूलाच थर जास्त का बसतो, हेही तेव्हा समजले: पाणी तापले की त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन घट्ट बसतो.

तोपर्यंत आम्ही नळाचे आणि बोरिंगचे पाणी एकाच टाकीत सोडत होतो. ऑगस्टमध्ये ७,५०० रुपये खर्चून नळाच्या पाण्यासाठी ५०० लिटरची वेगळी टाकी बसवली आणि न्हाणीघर व गीझर तिला जोडले. बोरिंग आता फक्त फ्लश आणि अंगणासाठी आहे. दोन्ही पाइपांवर कॉकही बसवून घेतले; त्यासाठी दोन फरशा फोडाव्या लागल्या आणि त्याच रंगाच्या जादा फरशा माळ्यावर ठेवलेल्या असल्यामुळे भिंत विद्रूप झाली नाही. काळ्या मॅट रंगावर डाग अजूनही पडतात, ते रोज कोरड्या फडक्याने पुसावे लागतात. चकचकीत क्रोम घेतले असते, तर हे काम निम्मे झाले असते. मोठा शॉवर आता नळाला पाणी येते त्या दिवशीच, दोन मिनिटांपुरता सुरू होतो. ४,२०० रुपयांचे नवे कार्ट्रिज मी आणून ठेवले आहे, परंतु जुनेच अडीच महिने न अडकता फिरत असल्यामुळे ते अजून खोक्यातच आहे.