नळाचं पाणी डोळ्यांदेखत गंजलं आणि माझे ९,४५० रुपये गेले

मी ३१ वर्षं बँकेत काउंटरवर बसले. खोटी नोट हाताला लागताच ओळखायची. हे आधीच सांगते, कारण "तुम्ही कशा काय फसलात?" हे घरच्यादारच्या सगळ्यांनी विचारून झालंय.

जुलैचा दुसरा आठवडा. नळाला गढूळ पाणी, गल्लीत दोन घरी कावीळ. अशात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा दारात आला. "काकू, पाणी तपासणी चालू आहे." कोणाची तपासणी, हे मी विचारलं नाही. (ओळखपत्र हातात घेऊन वाचा, नुसतं बघू नका.) आधी टीडीएस मीटर बुडवला. २१४. "शंभराच्या वर म्हणजे विष." धादांत खोटं! भारतीय मानक ब्युरोची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि तो मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्यात दिसतच नाहीत.

मग त्यानं वायरचा डबा काढला. दोन कांड्या आमच्या पाण्याच्या ग्लासात, दोन तो विकत होता त्या फिल्टरच्या बाटलीतल्या पाण्याच्या ग्लासात. मिनिटभरात आमच्या ग्लासात कांडीभोवती हिरवट धागे सुटले, मग तपकिरी फेस आला, मग तळाशी नाल्यासारखा गाळ बसला. त्याचं पाणी नितळ. माझी चार वर्षांची नात शेजारीच उभी होती. "हेच हिच्या पोटात जातंय, काकू."

त्याचं पाणी त्यानं घरूनच भरून आणलं होतं. माझ्या लक्षात आलं होतं, मी बोललेही, "हीच बाटली आमच्या नळावर भरून दाखव ना." तो म्हणाला, "नवा फिल्टर दोन तास भिजवावा लागतो." आणि मी मान डोलावली. तिथेच दार लावून घ्यायला हवं होतं. अजून रात्री तेच वाक्य आठवतं आणि झोप उडते.

तीन बाटल्या, प्रत्येकी २,४५०. म्हणजे ७,३५०. वर सहा जादा फिल्टर, ३५० प्रमाणे २,१००. पाच हजार यूपीआयनं, ४,४५० रोख.

वरच्या मजल्यावर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ताई राहतात. त्यांनी ऐकताच कपाळावर हात मारला. कांडी लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि तो गंज पाण्यात उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तस्संच झालं असतं.

पैशांपेक्षा मोठं दुखणं वेगळं आहे. बाटलीत निघाला नुसता कोळसा. कोळसा क्लोरीन शोषतो, वास जातो, जंतू मात्र मरत नाहीत. उलट क्लोरीन गेलेलं पाणी उघडं पडतं. आणि या बाटल्यांच्या भरवशावर मी दहा दिवस पाणी उकळणं बंद केलं होतं! नातीला जुलाब लागले. बाटलीमुळेच, असं मी म्हणत नाही. पण फिल्टरवर बोट फिरवलं तर ते बुळबुळीत होतं. पाणी गाळून खळखळून एक मिनिट उकळा आणि झाकून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.

पोलीस ठाण्यात गेले, तर म्हणे, "बाटल्या मिळाल्या ना? मग फसवणूक कसली?" यूपीआय नंबर दिला, तो त्यांनी लिहूनही घेतला नाही. पावतीवर पत्ता नाही, जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. दुसऱ्या कार्यालयात पाऊण तास बसवलं आणि सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं? सगळ्यांच्या घरात नळ आहे, जबाबदारी मात्र कोणाचीच नाही! शेवटी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तिथेही जाणार आहे. पावती, पेमेंटचा स्क्रीनशॉट, बाटल्या, काहीही फेकू नका.

काल नंदनवनहून नणंदेचा फोन आला. तिच्या बिल्डिंगमध्ये तसाच वायरचा डबा घेऊन दोन मुलं फिरताहेत, बाटली आता २,७५० ला. म्हणून लाज बाजूला ठेवून आजच लिहायला बसले.