ढगाळ मार्चमध्ये भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

फाल्गुन संपत आलाय, आभाळ भरलंय, ऊन नाही. पक्ष्यांच्या फोटोंसाठी असा दिवस वाया गेला असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. रोहित पक्ष्याचा (फ्लेमिंगोचा) गुलाबी रंग मऊ उजेडातच खुलतो. कडक उन्हात पांढरी पिसं फोटोत नुसती पांढरी फटक होऊन जातात.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यात होडी मिळते. कॅमेरा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर येतो, त्यामुळे रोहित, चमचा, शेकाट्या हे पक्षी नजरेला नजर भिडवून टिपता येतात. अडचण एकच: होडी डुलते आणि तिथे ट्रायपॉडचा उपयोग शून्य. उजेड कमी असला तरी शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ करवत नाही, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० ला चढवायचा. फोटोत दाणे येतात, येऊ द्यावेत. हललेल्या फोटोपेक्षा ते बरे. आणि नावाड्याला थव्यात घुसायला सांगू नये. उडालेल्या थव्याचा फोटो छान येतो, पक्ष्यांचं खाणं मात्र मोडतं.

नांदूर मध्यमेश्वर, म्हणजे नाशिक जिल्ह्यातला गोदावरी-कादवा संगम, २०२० साली महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. इथे निरीक्षण मनोऱ्यावर ट्रायपॉड पक्का बसतो, शटर निवांत संथ करता येतं. पण पक्षी लांब, कोन वरून, आणि राखाडी पाण्यावर वारकरी पक्षी नुसता काळा ठिपका दिसतो. जांभळी पाणकोंबडी गवतातून बाहेर आली तर नशीब.

दुर्बीण आणि वही घेऊन जायचं असेल तर मी नांदूरला जाईन. कॅमेरा असेल तर भिगवण, तेही सकाळी सहालाच.