लाहमन बेसबॉल डेटाबेस : जुन्या कॅचरचं करिअर मांडायचं असेल तर हाच घ्या

सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवणारे पीटी सर अन् आकड्यांचं वेड असलेले पोट्टे, खास तुमच्यासाठी लिहून राहिलो. लाहमन डेटाबेस म्हणजे 1871 पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळलेल्या खेळाडूंचा सीझनवार हिशोब. शॉन लाहमन नावाच्या पत्रकारानं हे सगळं जमवून फुकट द्यायला सुरुवात केली, आता ते सेबर या बेसबॉल संशोधकांच्या संस्थेकडे आहे. पैसे लागत नाहीत. एकदा झिप फाईल उतरवून घेतली की नेटचं काम संपलं, अन् आमच्यासारख्या गावात, जिथं लाईन गेली की टॉवरही जातो, तिथं ही गोष्ट लय मोठी आहे भाऊ. जुन्या लॅपटॉपवर लिबरऑफिसमध्ये फाईली उघडतात, फक्त बॅटिंगच्या फाईलमध्ये लाखावर ओळी आहेत म्हणून ती उघडायला वेळ घेते, तेव्हा आधी फिल्टर लावून पाहिजे ती वर्षं वेगळ्या शीटमध्ये काढून घ्या.

मी हा वापरतो जुन्या कॅचरसाठी, म्हणजे बॅटरच्या मागं बसून पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) बॉल धरणाऱ्या खेळाडूंसाठी, अन् सगळ्यात जास्त मोझेस फ्लीटवूड वॉकरसाठी. हा 1884 मध्ये टोलेडो शहराच्या संघाकडून अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या मेजर लीगमध्ये खेळला, काळा माणूस, अन् त्या सीझननंतर 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूला दार बंद राहिलं. फाईलमध्ये वॉकरची एकच ओळ आहे : 42 मॅचेस, 152 अॅट-बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), 40 हिट (बॉल मारून बेस गाठला ते), म्हणजे हिट भागिले अॅट-बॅट, .263 ची अॅव्हरेज. बस. एवढंच खेळू दिलं त्याला. मग प्रश्न पडतोच की खेळू दिलं असतं तर करिअर कसं दिसलं असतं, अन् या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे काढायचं साहित्य मला तरी इथंच सापडलं.

बहुतेक जण सरळ त्रैराशिक मांडतात. 42 मॅचमध्ये 40 हिट तर आजच्या 162 मॅचमध्ये 154, दहा वर्षं खेळला असता तर दीड हजारावर! वाचायला भारी वाटतं, पण बाप्पा, बक इविंग हा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला कॅचर, 1880 ते 1897 खेळला, त्याच्या सगळ्या मिळून हिट 1625. त्रैराशिकानं वॉकर जवळजवळ इविंगच होऊन बसतो. हे म्हणजे पहिल्या वेच्यात एका तासाला किती कापूस निघाला त्यावरून सगळ्या वावराचे क्विंटल सांगण्यासारखं आहे. एक तर 1884 ला टोलेडोच्याच मॅचेस शंभराच्या थोड्या वर होत्या, 162 कुठून आणता? अन् दुसरं म्हणजे कॅचर रोज खेळूच शकत नव्हता. आमच्या शाळेची कॅचर पोरगी जिल्हा स्पर्धेत दुसऱ्या मॅचलाच गुडघे धरते, अन् तिच्याजवळ मास्क, चेस्ट गार्ड, पॅड सगळं आहे. वॉकर बरेचदा उघड्या हातानं बॉल धरायचा. पायाचे गार्ड मेजर लीगमध्ये रॉजर ब्रेस्नाहननं घातले ते 1907 ला. इविंगचीही फिल्डिंगची ओळ काढून पाहा, 1315 मॅचपैकी कॅचर म्हणून 636 च, निम्म्याहून कमी, बाकी वेळ त्याला दुसरीकडे उभं केलं.

मग मी असं करतो. टीम्सच्या फाईलमधून त्या वर्षीच्या लीगच्या सगळ्या संघांचे हिट अन् अॅट-बॅट बेरीज करून लीगची अॅव्हरेज काढतो, ती .240 च्या आसपास येते. 152 अॅट-बॅट म्हणजे फारच थोडा नमुना, नशिबाचा वाटा त्यात भरपूर, म्हणून वॉकरच्या आकड्यात लीगच्या सरासरीचे 300 अॅट-बॅट मिसळतो. 40 अधिक 72, भागिले 452, उत्तर .248. हे 300 मी ठरवलेले आहेत, तुम्ही 200 घ्या नाहीतर 400 घ्या, फार फरक पडत नाही. पुढचा काळ किती धरायचा? पाच वर्षं, कारण वॉकर 1889 पर्यंत खालच्या लीगमध्ये खेळतच होता, हे कल्पनेतलं नाही. वर्षाला 60 मॅचेस धरल्या तर 300 मॅचमध्ये साधारण 270 हिट, आधीच्या 40 धरून 310 च्या आसपास. आकडा छोटा आहे, पण त्याच्यामागे उभं राहता येतं, अन् मला तो त्या दीड हजारापेक्षा शंभरपट आवडतो, कारण त्या माणसाला फुगवून मोठं करायची गरजच नाही.

आता काळजी कुठं घ्यायची ते सांगतो. चोरलेल्या बेसची (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला त्याची) अधिकृत नोंद 1886 पासून आहे, म्हणून वॉकरचा तो रकाना रिकामा दिसतो. रिकामा म्हणजे शून्य नाही! सरासरी काढताना तिथं शून्य भरलं की तो मंद पळणारा ठरतो, अन् अशी चूक करून लोक बिनधास्त तक्ते टाकून राहिले. पासबॉलच्या, म्हणजे कॅचरच्या हातून सुटलेल्या बॉलच्या रकान्याचं तर विचारूच नका. टोलेडोचा पिचर टोनी मुलेन यानं नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलं की मी ज्यांच्यासोबत खेळलो त्यात वॉकर सगळ्यात चांगला कॅचर होता, पण मला काळा माणूस आवडत नव्हता म्हणून कोणता बॉल टाकायचा याचे त्याचे इशारे न पाहता मनाला येईल तो बॉल टाकायचो. कोणता बॉल येऊन राहिला हे माहीत नसताना उघड्या हातानं धरायचा, अन् सुटला की पासबॉल कोणाच्या नावावर? वॉकरच्या. जातीपायी माणसाच्या खात्यात काय काय लिहिलं जातं हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून वॉकरची फिल्डिंग मी पुढं वाढवून मांडतच नाही, तुम्हीही मांडू नका.

नवशिक्यासाठी एक अडचण आहे, रकान्यांची नावं सगळी इंग्रजी लघुरूपात, त्याची माहितीची फाईल सोबत येते ती आधी वाचा. मॅचनिहाय काही पाहिजे असेल तर इथं मिळणार नाही, सगळं सीझनचंच आहे. एवढं चालत असेल तर बिनधास्त उतरवा, अन् शाळेत एक्सेल शिकवत असाल तर पोट्ट्यांना पगारपत्रकाऐवजी 1884 ची ही शीट द्या, भागाकार कायले करायचा हे विचारणार नाहीत.