फॅट मारणं म्हणजे ‘गैरवापर’? स्विंग मॅटचा सात महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात गोल्फच्या सरावाला घेतलेल्या स्विंग मॅटच्या, म्हणजे क्लब (बॉल मारायची काठी) जमिनीला कुठे लागला ते दाखवणाऱ्या चटईच्या, टिकल्या नोव्हेंबरात निघायला लागल्या. तळहाताएवढं टक्कल पडलं, बॉलच्या खुणेच्या जरा मागे. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून फोटो काढून पाठवला. चार दिवसांनी कस्टमर केअरचं उत्तर आलं. त्याचा मराठीत अर्थ असा: सर, झीज बॉलच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे क्लब चुकीच्या जागी आपटलेला आहे, हा गैरवापर धरला जातो आणि तो वॉरंटीत बसत नाही.

अहो, पण मी मॅट घेतली ती क्लब चुकीच्या जागी, बॉलच्या मागे जमिनीवर आपटतो (याला ‘फॅट मारणं’ म्हणतात) म्हणूनच ना! तो बरोबर जागी पडत असता तर ३,२०० रुपये घालवून घरात चटई कशाला आणली असती? तुम्हाला नीट दिसत नाही म्हणून चष्म्याची वॉरंटी रद्द, असं कुठला चष्मेवाला म्हणेल का? चिडून त्याच रात्री दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. आता डोकं शांत आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. पूर्ण शांत नाही.

मॅट कशी असते ते इथल्या वाचकांना माहीत आहे. हात फिरवला की टिकल्यांचा रंग पालटतो, क्लब घासून गेला की पट्टा उमटतो, पुन्हा हात फिरवून पुसायचा. त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

मी गोल्फ उशिरा धरलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये गोल्फपटू अदिती अशोकला टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी येताना पाहायला भल्या पहाटे उठलेल्या लाखोंपैकी मी एक. ड्राइव्हच्या (पहिल्या लांब फटक्याच्या) लांबीत ती तिथे अगदी मागच्या रांगेत होती आणि पटिंगच्या (बॉल भोकात ढकलण्याच्या) जोरावर पदकाच्या दारात जाऊन आली. यातून मी धडा काय घेतला? तर लांब मारायला शिकलं पाहिजे! घर पनवेलला, खारघरचं सिडकोचं गोल्फ कोर्स जवळ, आणि तिथे क्लबचा मेंबर नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. तेव्हापासून लांबीच्या मागे आहे. माझं ७ आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) १०५ यार्डांवर अडलेलं. जोर वाढवला की १०५ चे ९० व्हायचे आणि पाठ दुखायची ती वेगळीच.

कोचची एका तासाची फी ऐकून मी मॅटकडे वळलो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पहिल्या संध्याकाळी गच्चीवर मॅट टाकून प्लास्टिकच्या हलक्या बॉलवर दहा स्विंग केले. नऊ वेळा पट्टा बॉलच्या मागे चार बोटांवर सुरू झाला. माझी खात्रीच झाली की मॅट बिघडलेली आहे. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) माझे बॉल बरे जायचे की! दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात विचारलं, “काका, वर मसाला कांडताय का?” त्यांच्या लक्षात आलं होतं ते माझ्या आलं नव्हतं. बॉल मारतोय असा तो आवाजच नव्हता, जमीन बडवल्याचा होता.

रेंजचं कोडं नंतर सुटलं. रेंजवरच्या रबरी गादीवर क्लब बॉलच्या मागे पडला तरी घसरत पुढे जातो आणि बॉलला बऱ्यापैकी लागतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो. त्यामुळे रेंजवर राजा आणि कोर्सवर भिकारी, ही आमच्यातल्या निम्म्या लोकांची अवस्था. जूनमध्ये पाऊस लागल्यावर तर सोंग उघडंच पडलं. ओल्या जमिनीत फॅट मारला की बॉल तीस यार्ड आणि चिखल थेट चष्म्यावर.

आता असं का होतं ते माझ्या भाषेत. स्विंग म्हणजे एक तिरकं वर्तुळ. आयर्न मारताना त्या वर्तुळाचा तळ बॉलच्या पुढे तीन-चार इंचांवर हवा, म्हणजे क्लब खाली येता येता आधी बॉल, मग गवत. वजन उजव्या पायावर राहिलं की सगळं वर्तुळच मागे सरकतं. (मी उजव्या हाताने खेळतो, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) त्यात बॉल हवेत उचलायची हौस. ऐन वेळी मनगटं पुढे झटकायची, दांडा मागे कलायचा, पात्याचा तिरकेपणा वाढायचा. हातात ७ आयर्न, पण बॉलला लागताना ते ९ होऊन लागायचं (आकडा मोठा तसं पातं जास्त तिरकं आणि बॉल जवळ पडतो). उंच जायचं, बघायला छान, आणि समोरच्या पाण्यात बुडायचं. आमचा जुना कॅडी (कोर्सवर बॅग उचलणारा) वर्षभर एकच वाक्य सांगत होता: “साहेब, बॉल उचलायला तुम्ही कशाला जाता? पातं तिरकं आहे ना, ते उचलतंय.” मी त्याला ‘हो हो’ म्हणायचो आणि उचलायचो.

मॅटने ‘हो हो’ म्हणायची सोय ठेवली नाही. जून ते ऑगस्ट एवढंच केलं: अर्धा स्विंग, हात कमरेच्या वर न्यायचे नाहीत, आणि क्लब खाली यायला लागायच्या आधी वजन डाव्या पायावर. आधी, हे महत्त्वाचं. मी बॉल गेल्यावर डाव्या पायावर जायचो, फोटोसाठी उभं राहावं तसा. आपटताना डावं मनगट मागे मुडपलेलं नको, सपाट हवं, आणि हात बॉलच्या किंचित पुढे. लिहायला दोन ओळी लागल्या, अंगात मुरायला दोन महिने. मुलाने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करून दिलं तेव्हा माझी कंबर बॉलकडे ढकलली जाताना दिसली. ते प्रकरण अजून चालू आहे.

सप्टेंबरात पट्टा बॉलपाशी आला. दसऱ्याच्या सुमारास पुढे गेला. आवाजही बदलला, ‘धप्’चा ‘टक्’ झाला. क्लब आणि बॉल एकमेकांना टेकतात सेकंदाच्या जेमतेम दोन-हजाराव्या भागापुरते, पण बरोबर बसलेला बॉल हाताला कळतच नाही, लोण्यातून सुरी जावी तसं होतं. न बसलेला मात्र कोपरापर्यंत कळतो.

आकडे हवे असणाऱ्यांसाठी. मित्राच्या लाँच मॉनिटरवर (फटक्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मे महिन्यात ७ आयर्नचा क्लबचा वेग ताशी ६८ मैल, बॉलचा ८१. डिसेंबरात क्लबचा वेग तोच ६८, बॉलचा ८८. कॅरी (बॉल हवेत कापतो ते अंतर) १०५ यार्डांवरून १२२. जोर एक गुंजभरही वाढलेला नाही. या वयात वाढणारही नाही. बॉलच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागलं की येतो तो स्मॅश फॅक्टर. ड्राइव्हरला (सगळ्यात लांब मारायच्या क्लबला) तो १.५० च्या आसपास गेला की झालं. व्यायामशाळेत न जाता लांबी मिळते ती इथे.

तक्रारी. पहिली, कोपरे गुंडाळतात. वरवंटा ठेवून बघितला, फरक नाही. दुसरी, पट्टा सांगतो क्लब जमिनीला कुठे लागला. बॉल पात्यावर कुठे बसला ते सांगत नाही. माझे निम्मे फटके टोकाकडे बसत होते, ते कळलं पात्यावर घामोळ्याची पावडर फासल्यावर. बॉलचा गोल ठसा स्पष्ट उमटतो. खर्च जवळपास शून्य. तिसरी, ड्राइव्हरला या मॅटचा उपयोग नाही. तिथे बॉल टीवर (जमिनीत खोचलेल्या खुंटीवर), डाव्या टाचेसमोर, आणि क्लब किंचित वर चढताना लागायला हवा. जमिनीला लागलाच तर चुकलं.

दिवाळीनंतर उरलेली रांगोळी कोर्सच्या सरावाच्या जागेत नेली आणि गवतावर एक सरळ रेघ ओढली. रेघेवर बॉल आहे असं समजायचं आणि स्विंग करायचा. गवत रेघेच्या पुढे निघालं पाहिजे. कॅडी म्हणाला, “साहेब, उद्या हळदीकुंकूपण आणा.” घरी विचारणा झाली, “अहो, रांगोळीचा डबा कुठे गेला?” पण वीस रुपयांच्या रांगोळीने तेच दाखवलं जे मॅट ३,२०० मध्ये दाखवते. उलट खऱ्या मातीवर दाखवलं. तेव्हा इथे ‘मॅट घेऊ नका, रांगोळी घ्या’ असं लिहून थांबणार होतो.

वरचं लिहून आठ दिवस झाले. मत थोडं बदललंय. रांगोळीला गवत लागतं आणि गवत मला आठवड्यातून एकदाच मिळतं. रोज रात्री जेवणानंतर वीस स्विंग गच्चीवर झाले नसते तर रांगोळीची रेघ मला वर्षभर वाकुल्याच दाखवत बसली असती. म्हणून दोनाचे चार तारे करतोय.

पण कंपनीचं काय? टक्कल टाळायला मी मॅट उलटी फिरवली, मागचं टोक पुढे. झालं काय, तर माझा क्लब आता बॉलच्या पुढे पडतो, म्हणजे बरोबर टकलावर! मागे होता तेव्हा टिकल्या गेल्या, आता पुढे आहे तर उमटायला टिकल्या नाहीत. परत सुलटी केली. मग पुढची बाजूही विरळ व्हायला लागली. तो फोटो मुद्दाम पाठवला: बघा, झीज आता बॉलच्या पुढे आहे, गैरवापर संपला, आता तरी द्या बदलून. उत्तर या वेळी दोनच दिवसांत आलं. सर, अभिनंदन, ही नैसर्गिक झीज आहे. नैसर्गिक झीज वॉरंटीत बसत नाही.

शेवटी पनवेलच्या बाजारात लहान मुलींच्या फ्रॉकना लावतात ते उलटणाऱ्या टिकल्यांचं कापड अर्धा मीटर घेतलं, ९० रुपये. फेविबॉन्डने चिकटवलं, रात्रभर वर पाटा ठेवला. पट्टा मूळच्यापेक्षा ठळक उमटतो. फक्त टिकल्या एका बाजूने चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी आहेत, त्यामुळे चांगला फटका बसला की गुलाबी दिसतो.