सप्टेंबरमधील धनुष्यशिकार: विस्कॉन्सिनचे उत्तर अरण्य की मध्य भागातील ओकची राने?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. शिकागो किंवा मिनियापोलिसहून दोन-तीन दिवसांसाठी जाणाऱ्याने उत्तरेकडचे शेक्वामेगॉन-निकोले राष्ट्रीय अरण्य निवडावे की मध्य भागातील जॅक्सन परगण्यातले ब्लॅक रिव्हर राज्य अरण्य, याचा निर्णय मुख्यतः चाऱ्यावर अवलंबून असतो; कारण माजाचा काळ नोव्हेंबरमध्ये येतो आणि तोपर्यंत नर निवाऱ्यापासून चाऱ्यापर्यंतच्या ठरलेल्या वाटांवरच ये-जा करतात.

उत्तरेचे अरण्य सुमारे 15 लाख एकरांचे आहे. तिथे एकांत मिळतो, पण हरणे विरळ आणि विखुरलेली असतात, आणि त्याचे मोठे कारण हिवाळा हे आहे. राज्याचा वन्यजीव विभाग 1 डिसेंबर ते 30 एप्रिल या काळात ज्या दिवशी किमान तापमान उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले त्याचा एक गुण आणि ज्या दिवशी जमिनीवर 18 इंच किंवा त्याहून अधिक बर्फ होता त्याचा एक गुण धरतो. ही बेरीज 100 किंवा त्यापुढे गेली तर हिवाळा अतितीव्र मानला जातो, आणि अशा वर्षानंतर पाडसांची संख्या घटते. म्हणून उत्तरेला जाणाऱ्याने आपल्या परगण्याचा हा आकडा आधी पाहावा, आणि मग झाडतोडीनंतर नव्याने फुटलेल्या अ‍ॅस्पेन या पानझडी झाडांच्या कडा व लाल ओकचे उंचवटे शोधावेत. याच महिन्यात तिथे अस्वलांमागे शिकारी कुत्रे सोडण्यास परवानगी असते, त्यामुळे शांत पहाटही कधी कधी अचानक मोडते.

मध्य भागातील जमीन वाळूची असून जॅक पाइनसोबत ओक सर्वत्र आढळतो. पांढऱ्या ओकची फळे एका वर्षात पिकतात आणि कमी कडू असल्यामुळे हरणे ती आधी खातात. लाल ओकच्या फळांना मात्र दोन वर्षे लागतात. फळांचा बहर दरवर्षी सारखा नसतो, परंतु एखाद्या झाडाखाली ताजी फळे पडत असतील तर थोड्या दिवसांच्या शिकाऱ्याला त्याहून चांगली जागा मिळणे कठीण. माझ्या मते पहिल्या हंगामासाठी हीच बाजू योग्य आहे. उत्तरेला ऑक्टोबरच्या अखेरीस, पाने गळाल्यावर जावे.

दोन्हीकडे एल्क या मोठ्या जातीच्या हरणांचे कळप आहेत, उत्तरेत 1995 पासून आणि जॅक्सन परगण्यात 2015 पासून, तेव्हा साध्या हरणाच्या परवान्यावर बाण सोडण्यापूर्वी प्राणी नीट ओळखणे अत्यावश्यक आहे. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी-प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. सप्टेंबरची दुपार उबदार असते; जखमी हरणाचा माग रात्रभर लांबला तर मांस खराब होण्याची आणि लांडग्यांनी ते गाठण्याची शक्यता दोन्हीकडे असते, म्हणून मचाण गाडीच्या रस्त्यापासून फार दूर बांधू नये आणि बर्फाची सोय आधीच करून ठेवावी.