प्रोजेक्टसाठी सिम्युलेशन: लॅबचं लायसन्स, अ‍ॅन्सिस स्टुडंट की मुक्त सॉफ्टवेअर?

बेळगावात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीचा पार्ट प्रोजेक्टला घेतलात, तर आधी एकच गोष्ट ठरवा: सिम्युलेशनचा निकाल कोण वापरणार? कारखाना त्यावरून पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचा नमुना) बदलणार असेल तर अ‍ॅन्सिस स्टुडंट (या सिम्युलेशन सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती) बाजूला ठेवा, धंद्याच्या कामाला त्याची परवानगी नाही. कॉलेजच्या लॅबमधलं शैक्षणिक लायसन्सही सहसा अशा कामासाठी नसतं. गाईडना आधीच विचारा. कॅल्क्युलिक्स (ताण-विकृतीसाठी) आणि ओपनफोम (प्रवाहासाठी) या मुक्त सॉफ्टवेअरना अशी अट नाही.

फक्त रिपोर्टपुरतं काम असेल तर आमचं मत अ‍ॅन्सिस स्टुडंटकडे झुकतं. फुकट आहे, लायसन्स आतच येतं, त्यामुळे खानापूर-निपाणीच्या घरी बसूनही काम होतं. मात्र विंडोजच लागतं, आणि नोडना, म्हणजे मॉडेलवर पाडलेल्या जाळीतल्या (मेशमधल्या) बिंदूंना, मर्यादा आहे: स्ट्रक्चरलला १ लाख २८ हजार, फ्लुइडला सुमारे १० लाख सेल (जाळीतले कप्पे).

ही मर्यादा नेमकी कुठे आडवी येते? समजा, बीडाच्या ब्रॅकेटला ५ मिमी मेशवर ४० हजार नोड झाले. सगळीकडे २.५ मिमी केलंत की ते साधारण आठपट, म्हणजे ३ लाखांवर जातात आणि सॉल्व्ह अडतं. म्हणून बोल्टचे आटे काढून टाका, पार्ट आणि लोड दोन्ही सममित असतील तर अर्धाच घ्या, बारीक मेश फक्त फिलेटवर (कोपऱ्याच्या गोलाईवर) द्या. आतला कोपरा धारदार सोडलात तर मेश बारीक कराल तसा ताण वाढतच राहील. तो आकडा रिपोर्टमध्ये घालू नका. ओतकामात तिथे त्रिज्या असतेच, ती मॉडेलमध्येही द्या.

लॅबचं लायसन्स मोठ्या मॉडेलला उत्तम, पण सीट मोजक्या आणि सबमिशनच्या आठवड्यात रांग. घरी नवी आवृत्ती आणि लॅबमध्ये जुनी असेल, तर घरची फाईल लॅबमध्ये उघडणारच नाही. दोन्हीकडे काम करायचं तर स्टेप फाईल (भूमितीची, कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी) वेगळी जपा. स्टुडंट आवृत्तीतून भूमिती बाहेर काढता येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ताणाच्या कामासाठी विंडोजवर प्रीपोमॅक्स घ्या, त्यात कॅल्क्युलिक्स चालतं. चूक हमखास एककांत होते. मिमी-न्यूटनमध्ये पोलादाचा स्थितिस्थापकता मापांक २,१०,००० आणि घनता टन प्रति घन मिमी, म्हणजे ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. तिथे ७८५० टाकलंत तर पार्ट स्वतःच्याच वजनाने कोसळलेला दिसेल. ओपनफोम मीटर धरतं; मिमीतली एसटीएल (पृष्ठभागाची भूमिती फाईल) तशीच दिलीत तर समजा पंपाचं मॉडेल हजारपट मोठं होतं, आधी ०.००१ ने स्केल करा. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालवत असाल तर केस (त्या कामाचं फोल्डर) सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर फार संथ चालतं. मेश झाली की चेकमेश (मेशची तपासणी करणारी ओपनफोमची आज्ञा) चालवल्याशिवाय सॉल्व्हर सुरू करू नका.

ओपनफोम अंगवळणी पडायला वेळ लागतो. सबमिशन महिन्यावर आलं असेल तर त्यात नव्याने हात घालू नका. हाताशी पूर्ण सेमिस्टर असेल तर जरूर घाला. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या प्रकल्पाचं शिकवणीचं साहित्य फुकट मिळतं.