एकदम धुरळा की वर्षभर रिमझिम?

जाहिरातीचं वर्षाचं बजेट हातात आहे आणि मैत्रिणीचं ठरत नाहीये. टीव्ही, रेडिओ, पेपर, मोबाइल असा सगळीकडे एकदम धुरळा उडवायचा, की तेच पैसे वर्षभर पुरवायचे?

लक्षात राहण्याचं आधी बघू, खरी गोम तिथेच आहे. जाहिरात संशोधक ह्युबर्ट झील्स्के यांनी १९५९ साली छापलेल्या प्रयोगात एका गटाला १३ जाहिराती दर आठवड्याला टपालाने पाठवल्या, दुसऱ्याला दर चार आठवड्यांनी. पहिल्या गटात जाहिरात आठवणारे १३ आठवड्यांत ६३ टक्के झाले, पण टपाल थांबताच आकडा भराभर घसरला. दुसऱ्या गटाने वर्षअखेर ४८ टक्के गाठले, तेही रमतगमत.

खर्च तोच, जोखीम वेगळी. धडाक्यात फोन नंबरातला एक आकडा चुकला, की एकाच सकाळी सगळीकडे चुकतो. रिमझिमीत पुढच्या खेपेला दुरुस्त होतो. शिवाय धडाक्याआधी माल आणि फोन उचलणारी माणसं तयार हवीत (हे हमखास विसरतात).

मेहनत? रिमझिमीत जास्त, वर्षभर चिकाटी लागते.

तारीख ठरलेली असेल, म्हणजे मतदान, नाटकाचा पहिला प्रयोग किंवा लसीकरण, तर धुरळाच. रोजच्या वापराची वस्तू किंवा दवाखाना असेल, तर रिमझिम.